निवृत्तीनंतर कोकणात हंगामी मुक्काम: गाव कसं निवडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचा फराळ आवरला की आम्ही दोघं पुण्याचं घर बंद करून दापोलीला जातो आणि मे संपता संपता परत येतो. २०१७ पासून हे चालू आहे. पहिले दोन हंगाम गुहागर तालुक्यात अगदी समुद्राच्या पुळणीला लागून काढले, हात पोळले, मग जरा आत सरकलो. आता निवृत्त झालेली आणि होऊ घातलेली मंडळी फोन करून साधारण तेच ते विचारतात. दर वेळी अर्धा तास बोलण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. आयुष्यभर शाळेत शिकवलं, तेव्हा उत्तरांत थोडी मास्तरकी डोकावली तर सोसून घ्या.

वर्षातले किती महिने राहायचं? कधी जायचं, कधी परतायचं?

मोसमी पाऊस दक्षिण कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. मुंबईत तो पोहोचण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ११ जून, परतण्याची ८ ऑक्टोबर. कागदावर ऑक्टोबरच्या मध्यापासून जायला हरकत नाही. प्रत्यक्षात ऑक्टोबरसारखा गैरसोयीचा महिना नाही. वरून कडक ऊन, खालून ओल, दुपारी गडगडाट करून येणारी सर, आणि भातकापणीची घाई असल्यामुळे कामाला माणूस मिळत नाही. आम्ही दसऱ्याला दोन दिवस जाऊन घर उघडून येतो आणि राहायला दिवाळीनंतर जातो.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे खरे सुखाचे दिवस. मार्चमध्ये शिमगा असतो, तो चुकवू नये. एप्रिलपासून अंगाला घाम चिकटायला लागतो. दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर एप्रिलच्या सुरुवातीलाच परतावं असं माझं मत आहे. आंब्यांसाठी जीव टाकू नका, पेट्या पुण्यात येतातच.

काहीजण उलट करतात, पाऊस बघायला म्हणून जूनमध्ये जातात. आठवडाभर फार छान वाटतं. दहाव्या दिवशी कुठलाच टॉवेल कोरडा उरत नाही आणि गाडीचं आरक्षण शोधायला सुरुवात होते.

पावसाळ्यात आपण तिथे नसणारच. मग पावसाचा एवढा विचार कशाला?

आपण नसलो तरी घर तिथेच भिजत असतं म्हणून. पुण्यात वर्षाला साधारण ७००-७५० मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत ३००० च्या वर, आणि त्यातला नव्वद टक्क्यांहून जास्त जून ते सप्टेंबरमध्ये. आंबोलीला तर ७००० च्या घरात. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. त्यामुळे किनाऱ्यापेक्षा घाटाच्या पायथ्याशी पाऊस जास्त. "समुद्रापासून लांब घेतलंय, कोरडं असेल" असं कोणी म्हणालं की मी काही बोलत नाही, फक्त जुलैत जाऊन या म्हणते.

दुसऱ्या वर्षी आम्ही भाड्याच्या घरात सामान ठेवून पावसाळ्याला पुण्यात आलो होतो. ऑक्टोबरात परत गेलो तर कुलूपच उघडेना. किल्ली आत गेली, फिरेना. शेजारच्या आजी खोबरेल तेलाची वाटी आणि कोंबडीचं पीस घेऊन आल्या. पिसाने तेल आत सोडलं, दहा मिनिटं ओट्यावर बसून राहिलो, मग कडी सुटली. आत ओल्या गोणपाटाचा वास. ह्यांच्या चामडी चपलांवर हिरवट लव उगवलेली. मिठाच्या बरणीत पाणी. गादी उचलली तर खालून वाळवीची माती भिंतीपर्यंत गेलेली. पक्षी बघायला म्हणून हौसेने घेतलेल्या दुर्बिणीच्या भिंगात आतून बुरशीचं जाळं, कोळ्याने विणावं तसं. ती दुर्बीण पुढे कधी सुधारली नाही.

हे सगळं टाळता येतं, पण त्यासाठी दोन गोष्टी गाव निवडतानाच बघाव्या लागतात: बंद घराकडे चार महिने लक्ष देणारं माणूस मिळेल का, आणि त्या जागेत पाणी शिरतं का.

गाव बघायला कधी जावं?

दोनदा. एकदा भर जुलैत, एकदा मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. डिसेंबरात अजिबात जाऊ नये. डिसेंबरात कोकणातलं कुठलंही गाव निवडावंसं वाटतं.

जुलैत समुद्र बघू नका, तो तसाही खवळलेला मातकट असतो. रस्ते बघा. एसटी डेपोत जाऊन विचारा, पाऊस लागून राहिला की कुठल्या फेऱ्या बंद होतात. डेपोतल्या माणसाला कुठल्या मोरीवर किती पाणी येतं हे पाठ असतं. बाजारातल्या जुन्या दुकानदाराला पुराची रेघ दाखवायला सांगा. चिपळूण, महाड, राजापूर, खेड या सगळ्या नदीकाठच्या बाजारपेठा. घाटात धोधो पाऊस आणि त्याच वेळी खाडीला भरती, असा योग आला की नदीचं पाणी समुद्रात जायला वाटच उरत नाही, ते गावात पसरतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पाण्याने चिपळूणमध्ये तळमजले बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. म्हणून डोंगरउतारावरचं "व्हॅली व्ह्यू" घर बघताना मागचा डोंगर आधी बघावा: कापलेला आहे का, झाडं वाकडी झाली आहेत का, पावसात नवे झरे फुटतात का.

मेमध्ये गेलात की विहिरीत डोकवा. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल.

समुद्र किती जवळ असावा?

संध्याकाळी रिक्षाने जाऊन अंधार पडायच्या आत परत येता यावं, एवढा. म्हणजे पाच ते दहा किलोमीटर.

मला ठाऊक आहे, हे उत्तर कोणालाच आवडत नाही. निवृत्तीच्या स्वप्नात खिडकीतून समुद्र दिसतोच. आम्हालाही दिसायचा. पण खारं वारं काहीही सोडत नाही. आमच्या फ्रिजची मागची जाळी दोन हंगामांत चहाच्या भुकटीसारखी झडली. पंख्याचे स्क्रू, गॅसची शेगडी, खिडकीच्या बिजागऱ्या, इन्व्हर्टरची टर्मिनल्स, सगळ्यांचं तेच. एसी दुरुस्त करणारा मुलगा आम्हाला नावाने ओळखू लागला, तेव्हा समजलं की जागा चुकली.

शिवाय किनाऱ्यावरच्या गावांत घरमालकाला महिन्याच्या भाड्यात रस नसतो. दिवाळीची सुट्टी, नाताळ, प्रत्येक लांबलेला शनिवार-रविवार, सबंध मे महिना, पर्यटक रोजच्या दराने येतात. तुम्ही सात महिने खोली अडवून बसणार म्हणजे त्याचा तोटाच. तालुक्याच्या ठिकाणी मात्र शिक्षक, बँकवाले, कृषी खात्यातले लोक कायम भाड्याने राहत आलेले असतात, त्यामुळे बारमाही भाड्याची रीत असते आणि मालकही सरळ बोलतात.

मग नेमकं कुठलं गाव?

माझा कल उघड आहे, पण शक्य तितकं न्यायाने सांगते.

अलिबाग मुंबईकरांसाठी ठीक. रो-रो बोट आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूमुळे मुलांना येणं सोपं. जिल्ह्याचं ठिकाण, त्यामुळे दवाखाने आहेत. पण जागा महाग, आणि शनिवारी रस्त्यावर गाड्यांची रांग लागते.

मुरुड आणि श्रीवर्धन शांत, सुंदर. मोठा आजार निघाला तर लांब पडतात.

दापोली समुद्रसपाटीपासून आठशे फुटांच्या आसपास उंचीवर आहे, त्यामुळे रात्री हवा हलकी असते आणि जानेवारीत स्वेटर लागतो. इंग्रजांची इथे छावणी होती, आणि पुढे त्यांनी वय झालेल्या सैनिकांची पलटण इथेच ठेवली, म्हणजे पेन्शनरांची परंपरा जुनीच म्हणायची. १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्यामुळे गावात चार शिकलेली, बोलायला उत्सुक माणसं भेटतात. उणीव म्हणजे रेल्वे नाही, खेडला उतरून वर तीसेक किलोमीटर यावं लागतं.

गुहागरला सलग लांबच लांब पुळण आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. पण कशालाही चिपळूण गाठावं लागतं, पाऊण-एक तास.

चिपळूणला सगळं आहे: रेल्वे, बाजार, दवाखाने, नाटकं. फक्त घर उंचावरच्या भागात घ्या. दलाल म्हणेल "इथे पाणी येत नाही". तीन शेजाऱ्यांना विचारा.

रत्नागिरी हे शहर आहे हे मान्य करून जावं. जिल्हा रुग्णालय, मेडिकल कॉलेज, आणि १८२८ पासून चालत आलेलं नगर वाचनालय. वाचणाऱ्या माणसाला तेवढं एक कारण पुरेल. ब्रह्मदेशचा थिबा राजा इथे १८८६ पासून १९१६ साली मरेपर्यंत राहिला, अर्थात त्याला गाव निवडायला कोणी सांगितलं नव्हतं.

सिंधुदुर्गात मालवण, वेंगुर्ला, देवगड हे समुद्राचे आणि कुडाळ, कणकवली, सावंतवाडी हे रेल्वेचे. राहायला मी दुसरा गट निवडेन. सावंतवाडीत मोती तलावाभोवती सकाळ-संध्याकाळ फिरणारी पेन्शनर मंडळी दिसतात, सपाट रस्ता आहे, बसायला जागा आहे, आणि गोवा जवळ असल्यामुळे मोठं हॉस्पिटल व विमानतळ दोन्ही हाताशी. मात्र पाऊस फार.

आधी भाड्याने राहावं की थेट घर घ्यावं?

भाड्याने. निदान दोन हंगाम. यावर चर्चा नाही.

लीव्ह अँड लायसन्सचा करार करा आणि तो नोंदवा, महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे. बरेच मालक "कागद कशाला, आपण घरचेच" म्हणतात, तेव्हा गोड हसून कागदच करा. करारात पावसाळ्यात सामान ठेवता येईल का, आणि त्या महिन्यांचं भाडं पूर्ण की अर्धं, हे लिहून घ्या. भांडणं याच ओळीवरून होतात.

जागा घ्यायचीच झाली तर काय तपासायचं?

एक चांगला स्थानिक वकील, आणि तो विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. त्याचं काम तो करेल, पण चार गोष्टी आपल्यालाही कळल्या पाहिजेत.

शेतजमीन महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला सहसा घेता येत नाही. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. तेव्हा आपल्यासाठी बिगरशेती (एन.ए.) झालेला भूखंड किंवा गावठाणातलं घर. "एन.ए. होऊन जाईल" आणि "एन.ए. झालेलं आहे" या दोन वाक्यांत कधीकधी दहा वर्षांचं अंतर असतं.

कोकणातला सातबारा म्हणजे अर्धी वंशावळ. एका गुंठ्यावर अठरा सहहिस्सेदार, त्यातले पाच मुंबईत, दोन बडोद्याला, एक कुठे आहे ते कोणालाच ठाऊक नाही. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे सोडू नयेत. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याने इसार दिला आणि पुढची तीन वर्षं एका आत्याबाईंचा वारसदार शोधण्यात गेली. तीस वर्षांचे फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढून वाचायला लावा.

समुद्रकिनारी भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत आणि खाडीकाठीही सीआरझेडचे, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे, नियम लागतात. जाहिरातीत "सी-टच" दिसलं की मी पान उलटते.

आणि रस्ता. जागेपर्यंत गाडीरस्ता आहे, पण तो कोणाच्या मालकीच्या जमिनीतून येतो? सातबाऱ्यावर किंवा मंजूर नकाशावर रस्ता दिसला पाहिजे, विकणाऱ्याच्या बोटाने दाखवलेला नव्हे.

जुनं कौलारू घर चांगलं की फ्लॅट?

मनाला कौलारू, गुडघ्यांना फ्लॅट. जांभ्याच्या भिंती आणि मंगलोरी कौलं यांखाली एप्रिलमध्येही दुपारी झोप लागते, हे खरं. पण दरवर्षी मेमध्ये कौलं चाळायला माणूस लागतो, आणि ते काम जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत. माकडांनी एक उडी मारली की पाच कौलं जातात. न्हाणीघर बाहेर, उंबरे उंच, पाखाडीच्या पायऱ्या कमीजास्त उंचीच्या आणि शेवाळलेल्या. सत्तरीत हे निभावेल का, ते प्रामाणिकपणे ठरवा.

फ्लॅट घेतलात तर वरचा मजला नको. स्लॅब गळते, आणि लिफ्ट वीज गेली की बंद.

दवाखान्याचं काय?

खरं तर हा पहिला प्रश्न असायला हवा. लोक तो आठवा-नववा विचारतात, बहुधा मुलांनी आठवण केल्यावर.

सरकारी मेडिकल कॉलेजं अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरीला (ओरोस) आहेत. चिपळूण तालुक्यात डेरवणला मोठं रुग्णालय आहे, आजूबाजूच्या चार-पाच तालुक्यांतले लोक तिथे जातात. दक्षिण सिंधुदुर्गातले रुग्ण पूर्वीपासून गोव्यात बांबोळीला नेले जातात. रुग्णवाहिकेला १०८.

पण यादीने काम होत नाही. एकदा रात्री स्वतः गाडी काढून घरापासून त्या हॉस्पिटलपर्यंत जाऊन या. आम्ही ते केलं नव्हतं. दुसऱ्या हंगामातल्या जानेवारीत रात्री अडीचला ह्यांच्या छातीत दुखू लागलं. जवळच्या छोट्या दवाखान्यात गेलो, डॉक्टर होते, पण ईसीजी काढणारा मुलगा घरी गेला होता आणि मशिनच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे. तो येईपर्यंतची चाळीस मिनिटं मी बाकावर बसून समोरचा लसीकरणाचा तक्ता वाचत होते, तीनदा. निघालं पित्त. पण त्याच आठवड्यात आम्ही किनारा सोडायचं ठरवलं.

घर निवडायच्या आधी तीन गोष्टी विचारा: रात्री डॉक्टर हजर असतो का, ईसीजी आणि रक्ततपासणी रात्री होते का, आणि अँजिओप्लास्टीसाठी नेमकं कुठे पाठवतात. तुमच्या विम्याच्या कॅशलेस यादीत त्यातलं काय आहे ते बघा. सत्तरी ओलांडली असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून घ्या, वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार त्यात बसतात. ते कार्ड कुठल्या रुग्णालयात चालतं ते मात्र आधीच विचारून ठेवावं. रोजच्या गोळ्या महिनाभराच्या जास्तीच्या ठेवा. तुमचा विशिष्ट ब्रँड तालुक्याला मिळेलच असं नाही.

साप-विंचू फार असतात का?

असतात. फुरसं लहान दिसतं आणि पाचोळ्यात कळत नाही, त्यामुळे आगरात अनवाणी जाऊ नये आणि रात्री अंगणात बॅटरीशिवाय पाय टाकू नये. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर एकच प्रतिविष चालतं. ते जवळच्या ग्रामीण रुग्णालयात शिल्लक आहे का, एवढं विचारून ठेवा. मांत्रिक, ब्लेडने चिरणं, घट्ट दोरी बांधणं, हे काही नको. विंचवाच्या बाबतीत तर कोकणाने जगाला शिकवलं आहे: विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध वापरण्याचं डॉ. हिम्मतराव बावस्करांचं काम महाडमध्ये बसूनच झालं.

मला विचाराल तर सापापेक्षा शेवाळलेल्या पायरीवरून घसरून मोडलेले खुबे मी जास्त पाहिले आहेत.

एवढा पाऊस पडतो, मग पाण्याची चिंता कसली?

जांभा हा चाळणीसारखा दगड. वरून पडलेलं पाणी झिरपून ओढ्यांवाटे समुद्राला मिळतं, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच कोकणात टँकर फिरतात. विहीर तळाला जाते, किनाऱ्यालगतची असेल तर पाणी मचूळ होतं. म्हणून मे महिन्यात बघा म्हटलं. नळ असेल तर दिवसाआड की रोज, किती वेळ, ते विचारा.

स्वतःचं घर असेल तर पागोळ्यांचं पाणी साठवा. हिशेब सोपा आहे: १०० चौरस मीटरच्या छपरावर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे तीन लाख लिटर पाणी. त्यातलं वीस हजार लिटर झाकलेल्या टाकीत धरून ठेवलं तर दोन माणसांचा पिण्या-स्वयंपाकाचा उन्हाळा आरामात निघतो.

वीज आणि इंटरनेट?

इन्व्हर्टर लागतोच. इंटरनेट तालुक्याच्या गावांत बरं चालतं, वाड्या-वस्त्यांवर दरीच्या कुठल्या बाजूला घर आहे यावर अवलंबून. घर बघायला गेलात की प्रत्येक खोलीत उभं राहून नातवाला व्हिडिओ कॉल लावा.

२०२० साली लॉकडाउनमुळे आम्ही जूनमध्येही दापोलीतच अडकलो होतो. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आलं. दुपारी वारा सुरू झाला तेव्हा समोरच्या आगरातली पोफळं अक्षरशः जमिनीला टेकत होती, मग एकेक काडकन मोडायला लागली. आमच्या आळीत वीज यायला तीन आठवडे लागले, काही गावांना त्याहून जास्त. मोबाइलचे टॉवर बंद, एटीएम बंद. पुण्यात मुलीला आमची खुशाली कळली चौथ्या दिवशी, खेडला निघालेल्या एका दूधवाल्याकडून. तेव्हापासून घरात सेलवर चालणारा रेडिओ, रोख पैसे आणि कागदावर लिहिलेले फोन नंबर असतात.

येण्या-जाण्याचं कसं जमवता?

कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावते आणि तिच्याइतकं आरामाचं काही नाही, फक्त स्टेशन गावापासून लांब असतं हे धरून चाला. मालवणला जायचं तर कुडाळला उतरायचं, गुहागरला चिपळूणहून. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि गणपतीच्या गाड्या चाकरमानी मंडळी काही मिनिटांत भरून टाकतात, त्या वाटेला जाऊ नका. पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक असतं, गाड्या सावकाश चालवतात. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत मात्र ७५ च्या पुढे मोफत आणि ६५ ते ७५ अर्धं तिकीट.

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. यापुढे काही लिहीत नाही.

मे अखेरीस घर बंद करताना काय काय करता?

दोन दिवस जातात. फ्रिज रिकामा करून, पुसून, दार उघडं राहील असं मध्ये फडकं अडकवून ठेवायचं. गाद्या पलंगावर उभ्या, भिंतीला न टेकता. पुस्तकं आणि कागद घट्ट झाकणाच्या डब्यांत, सोबत कळीच्या चुन्याची पुरचुंडी, ती ओल शोषून घेते. चामडं आणि भिंगं मी आता तिथे ठेवतच नाही. पन्हळी साफ करायच्या, पश्चिमेच्या पडवीला झाप बांधून घ्यायचे. प्लास्टिकचा कागद स्वस्त पडतो पण पहिल्याच वाऱ्याला फाटतो. कुलपात ग्रीस भरून वर प्लास्टिकची पिशवी. ते कोंबडीचं पीस अजून माझ्याकडे आहे.

आणि माणूस. दापोलीच्या आमच्या शेजारच्या काकींच्या सुनेला आम्ही बारा महिन्यांचे पैसे देतो, फक्त सात महिन्यांचे नाही. पावसाने उघडीप दिली की ती येऊन खिडक्या उघडते, तासभर पंखे लावते आणि फोटो पाठवते. जुलैतला तो फोटो आला की ह्यांची त्या दिवशीची झोप चांगली होते.

पेन्शन, हयातीचा दाखला वगैरे?

काही अडत नाही. नोव्हेंबरातलं जीवन प्रमाणपत्र मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतं. मूळ कागद पुण्यात ठेवा, कोकणात छायाप्रती. कारण वर सांगितलंच, बुरशी.

करमतं का? गाव आपल्याला सामावून घेतं का?

पहिला महिना सुट्टीसारखा जातो. दुसऱ्या महिन्यात संध्याकाळी साडेसहाला अंधार पडतो आणि काय करायचं कळत नाही. ज्यांना वाचन, बागकाम, भजन, पत्ते, शिकवणी यातलं काहीच नको असतं ती माणसं फेब्रुवारीत परत येतात. मी चार मुलींना गणित शिकवते, पैसे घेत नाही. बदल्यात मिळालेले फणस मोजायचे सोडून दिले.

गावात प्रश्न सरळ विचारतात: किती पेन्शन, मुलगा काय करतो, मुलगी का आली नाही. ही चौकशी म्हणजे आपुलकीच असते, तशीच घ्यावी. देवळाच्या कामाला वर्गणी द्या, पालखी दारात आली की ओवाळा, पण गावकीच्या बैठकीत सल्ला देऊ नका. "आमच्याकडे पुण्यात असं करतात" हे वाक्य तर विसरूनच जा. ह्यांना ते विसरायला चार वर्षं लागली.

मुलं म्हणतात, एवढ्या लांब दोघंच कशाला?

त्यांना आठ दिवस येऊन राहू द्या. आमच्या मुलीने शेजाऱ्यांचे, रिक्षावाल्याचे, डॉक्टरांचे नंबर स्वतः घेतले, हॉस्पिटलचा रस्ता गाडी चालवून पाहिला, मग कुरकुर थांबली. आणि दोघांपैकी एकाला जरी जायचं नसेल तर जाऊ नका. मी अशी दोन जोडपी पाहिली आहेत, एक जण समुद्र बघत बसतो आणि दुसरा कॅलेंडर.

पुढे एकटं राहायची वेळ आली तर?

यावर आम्ही दोघं बोललो आहोत. हे म्हणतात ते एकटे पुण्यात राहतील. मी म्हणते मी इथे राहीन, निदान दिवाळी ते शिमगा. म्हणूनच घर एका मजल्याचं घेतलं, काकींच्या कुंपणाला लागून, मधल्या गडग्यात एक फट ठेवून. तिथून रोज सकाळी त्यांची हाक येते. मी उत्तर दिलं नाही तर त्या दोन मिनिटांत ओट्यावर असतात.

तुमच्या जवळपास सध्या एखादं भाड्याचं घर आहे का?

दोन आहेत. एकाला विहीर चांगली आहे, दुसऱ्याला गच्ची. दाखवायला काकी आहेतच, पण जुलैत जा. छत्री नको, रेनकोट न्या.